मदत हवी आहे: दोन मीटरच्या रेडिओ लहरींवर समुद्रापलीकडचे आवाज

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीचा, हौशी रेडिओवाला (हॅम). ५ वॉटचा रेडिओ हँडसेट आणि कौलांवर घरीच बनवलेला यागी (एका दिशेला रोखलेला) अँटेना. १४५ मेगाहर्ट्झवर (म्हणजे दोन मीटर लांबीच्या लहरींवर) एरवी ५०-६० किलोमीटरपलीकडचं काही मिळत नाही. पण एप्रिलपासून वारा पडला, की रात्री पश्चिमेकडून अरबी बोलणं येतं आणि तासन्तास टिकतं!

समुद्रालगत दमट, वर गरम कोरडी हवा असली, की लहरी त्या थरात अडकून लांब जातात, एवढं वाचलंय. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर म्हणे अरबस्तानचा किनारा उमटला होता. माझ्याकडे तेच घडतंय, की हा स्पोरॅडिक-ई (खूप उंचावर अधूनमधून तयार होणाऱ्या विद्युतभारित थरावरून लहरी परत येणं)? फरक ओळखायचा कसा? आणि अँटेना अजून उंच नेला, तर उलट थराबाहेर तर जाणार नाही? पाऊस लागायच्या आत सांगा, मग कौलांवर चढणं बंद.