पूजेच्या कार्यक्रमात भाचीला 'लेट इट गो' गायचंय, पट्टी कुठली धरायची आणि अण्णांना काय सांगायचं?

सुरंगी_आचरा

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, एक गाण्याचा आणि एक घरातला, पण दोन्ही एकमेकांत असे अडकलेत की एकत्रच टाकते.

मे महिन्यात आमच्या वाडीची सत्यनारायणाची पूजा असते. रात्री मुलांचे रेकॉर्ड डान्स, बायकांच्या फुगड्या, मग डबलबारी (दोन बुवांची भजनाची जुगलबंदी), नेहमीचंच सगळं. यंदा भाचीने जाहीर केलंय की ती नाचणार नाही, गाणार, आणि गाणार ते डिस्नेच्या 'फ्रोझन' ह्या कार्टून सिनेमातलं लेट इट गो. बारावी झालीय, जूनमध्ये पुण्याला चाललीय शिकायला. पेटीच्या क्लासला जायची त्यामुळे सुराला पक्की आहे. पण गाणं शेवटी जिथे वर चढतं तिथे नुसती ओरडते, मानेच्या शिरा दिसतात अक्षरशः, आणि पट्टी खाली घेतली तर सुरुवातीच्या ओळी पुटपुटल्यासारख्या होतात, समोर बसलेल्याला पण कळत नाहीत. साथीला वाडीतलेच पेटीवाले काका आहेत, त्यांना कॉर्ड बिर्ड माहीत नाही पण सूर सांगितले की बरोबर वाजवतात. कराओके ट्रॅक पण आहे मोबाईलवर, पण मे महिन्यात आमच्याकडे लाईटचा काही भरवसा नसतो.

आता दुसरं. अण्णा म्हणजे माझे वडील, तिचे आजोबा. त्यांनी धाकट्या नातवाला अर्थ विचारला आणि त्या दिवट्याने सांगितलं, "एक मुलगी घर सोडून डोंगरावर जाते आणि म्हणते आता मला कोणाची पर्वा नाही." झालं! देवासमोर असलं गाणं नको, त्यात पोर पुण्याला निघालेली, लोक म्हणतील घरच्यांना कंटाळून चालली. वहिनी दोघांच्या मध्ये सापडलीय, दादा नेहमीप्रमाणे गप्प आणि भाची रुसून माडीवर. कोणी हे गाणं बसवलंय का?

पेटी_आणि_पट्टी

ताई, घरातलं तुमचं तुम्ही बघा, मी गाण्याचं सांगतो.

सिनेमातलं मूळ गाणं इडिना मेंझेलने गायलंय, त्याचा सा काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. सुरुवात मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, धैवताच्या आसपास, म्हणजे पांढरी चार, आणि सगळ्यात वरचा सूर तार पंचम. मंद्र ध ते तार प म्हणजे पावणेदोन सप्तकांच्या वरच झालं की हो, आणि बाई ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतली, वरचे सूर छातीच्या आवाजात फेकायची तिला सवय. आपल्या मुलींनी तसंच करायला जाऊ नये, मग शिरा दिसणारच.

काकांना असं सांगा. सुरुवातीला सा ला घर (मुक्कामाचा सूर) समजू नका, मंद्र ध ला समजा. ध पासून ध पर्यंत सगळे शुद्ध स्वर वाजवून बघा म्हणावं, कानाला आसावरी थाट (कोमल ग, ध, नी चा) ऐकू येईल, मूर्च्छना म्हणतात ती हीच. आणि ध्रुवपद आलं की मुक्काम हलवून सा वर, की झाला बिलावल, शुद्ध स्वरांचा थाट. पट्ट्या त्याच, बोटं तीच, फक्त घर बदललं, आणि गाणं एकदम मोकळं झाल्यासारखं वाटतं ना तिथे, त्यातली निम्मी करामत ह्या घर बदलण्याची आहे, आवाज मोठा करण्याची नाही. भाचीला हे पेटीवर स्वतःच्या हाताने वाजवून बघायला सांगा, ओरडणं तिथेच अर्धं कमी होईल.

पट्टी ठरवताना सगळे आधी वरचा सूर बघतात, तुम्ही खालचा बघा. सा पांढरी पाच धरला तर खालचा सूर पांढरी तीन आणि वरचा पांढरी दोन, हे तिला बहुतेक जमेल. काळी तीनपर्यंत उतरलात तर वर आराम पण खाली काळी दोनपर्यंत जावं लागतं आणि तिथे कोवळ्या मुलीच्या आवाजात नुसती हवा येते. तुमचं पुटपुटणं ते हेच. सुरुवात माईक ओठांजवळ घेऊन अर्ध्या आवाजात, आणि वर जाताना माईक वीतभर लांब. तो वरचा सूर लांबवायचा नाही, स्पर्श करून सोडायचा. रियाज शब्दांशिवाय, नुसत्या 'आ'कारात, तीच ओळ आधी दोन पट्ट्या खालून आणि मग एकेक पट्टी वर. आणि रोज पूर्ण गाणं फुल आवाजात गात बसू नको म्हणावं, पूजेच्या दिवशी घसा बसलेला असेल.

चाकरमानी_डोंबिवली

माझं मत कोणाला आवडणार नाही पण अण्णांचं काहीच चुकत नाही असं मला वाटतं. २०१३ चा सिनेमा, २०१४ मध्ये ऑस्कर मिळालं गाण्याला (त्याच सोहळ्यात जॉन ट्रॅव्होल्टाने गायिकेचं नाव असं काही उच्चारलं की लोक अजून हसतात), तेव्हापासून प्रत्येक सोसायटीच्या गॅदरिंगला निळा फ्रॉक घालून एक तरी पोरगी हे गातेच. जबाबदारी टाकून निघून जायचं आणि त्याला स्वातंत्र्य म्हणायचं ही फॅशन झालीय. आम्ही पण गाव सोडलं, आम्ही काय गाणी म्हणत सोडलं? लाल डब्यात बसून ओकत ओकत मुंबईला आलो.

खाडीपल्याड

@चाकरमानी, ओकत ओकत वाचून हसलो, पण सिनेमा पुन्हा एकदा बघा राव.

त्यातली एल्सा घरच्यांना कंटाळून जात नाही. ती राजकन्या, हातातून बर्फ निघायची शक्ती घेऊन जन्मलेली. लहानपणी खेळता खेळता तिच्या हातून धाकट्या बहिणीला इजा होते, मग आईबाप सांगतात की ही शक्ती लपव, कोणाला कळता कामा नये. हातात मोजे, खोलीचं दार बंद, वर्षानुवर्षं. बहीण बाहेरून दार ठोठावते, ही उघडत नाही. आईबाप जहाजासकट समुद्रात जातात तेव्हासुद्धा दोघी बहिणी दाराच्या दोन बाजूंना. पुढे राज्याभिषेकाच्या दिवशी सगळ्यांसमोर गुपित फुटतं आणि ती पळते. पळते ती भीतीने, मस्तीने नाही. डोंगरावर एकटी पोचल्यावर हे गाणं सुरू होतं, म्हणून त्याची सुरुवात एवढी खालच्या सुरात आहे. वर पेटीवाल्यांनी आसावरी म्हटलंय ते अगदी बरोबर बसतं, घाबरलेल्या माणसाचा आवाज आहे तो. भाचीने पहिलं कडवं 'माझी एन्ट्री झाली' अशा थाटात गायलं तर पुढे मोकळं व्हायला काही उरतच नाही. बहुतेक जणी इथेच गाणं घालवतात, पट्टी हा नंतरचा भाग.

आणखी एक. गाणं संपताना ती काय करते बघा, बर्फाच्या महालाचं दार धाडकन लावून घेते! म्हणजे मोजे गेले, झगा गेला, केस मोकळे झाले, पण दार परत बंदच. खाली तिचं अख्खं राज्य गोठलंय हे तिला माहीत पण नाही. हे स्वातंत्र्य अर्धंच आहे आणि सिनेमाला ते ठाऊक आहे. मूळ आखणीत ही राणी खलनायिका होती. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या नवराबायकोनी हे गाणं लिहिलं, ते ऐकल्यावर करणाऱ्यांना वाटलं की असं गाणारी बाई दुष्ट कशी असेल, आणि मग गोष्टच बदलली, दोन बहिणींची झाली. एका गाण्याने सिनेमा फिरवला.

आता अण्णांसाठी. त्यांना म्हणावं, बंद दार आणि बाहेर धाकटी बहीण, हे तुम्ही कुठे ऐकलंय का? लोकांनी हिणवलं म्हणून ज्ञानदेव ताटी (झोपडीचं दार) लावून आत बसले आणि मुक्ताबाई बाहेरून विनवतेय, "ताटी उघडा ज्ञानेश्वरा." डबलबारीत मुरलेला माणूस असेल तर पुढचं तुम्हाला सांगावं लागणार नाही.

रापणकार

अगो बाय, आचऱ्याचो माणूस आणि घर सोडून जावच्या गाण्याक घाबरता? गावपळणीक काय करतत ते? तीन दिवस तीन रात्री सगळो गाव घराक कुलूप लावन, गुरां-ढोरां, कोंबडी-कुत्री घेवन शिवेभायर जाता, थय झोपडे बांधून ऱ्हवता, रात्रभर भजनां आणि फुगडे. ता काय कोणाक कंटाळान? रामेश्वराचो कौल झालो काय सगळे परत घराक. चेडू पुण्याक शिकाक चल्ला, गणपतीक येतलाच.

आणि अण्णांका म्हणा, जनाबाईचो "डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी" ह्यो अभंग बुवान घेतल्यार तुमी मान डोलवतास काय नाय? थय कोण म्हणत नाय बाई घर सोडून चल्ली म्हणान. आधी चेडवाक ह्यो अभंग गावंदे, मगे इंग्रजी. कोणाची काय बिशाद.

चाकरमानी_डोंबिवली

गावपळणीचं पटलं. निळ्या फ्रॉकचं मात्र मी मागे घेणार नाही.

सुरंगी_आचरा

सगळ्यांना थँक्यू, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

आधी पट्टी. काकांना ध ला घर धरा म्हटलं तर ते आधी वैतागले, मग दोनतीनदा भाता मारून स्वतःशीच वाजवत बसले आणि म्हणाले, "अगो ह्या तर आपलाच हा." सा पांढरी पाच ठरलाय. भाची पहिलं कडवं आता बसून गाते, पाय जवळ घेऊन, आणि ध्रुवपदाला उठते, हे तिचं तिनेच ठरवलं. वरच्या सुराला अजून थोडी ताणते पण शिरा दिसत नाहीत.

अण्णांना मी खाडीपल्याड यांनी लिहिलेली गोष्ट सांगितली, ताटीचं पण. ते सुपारी कातरत ऐकत होते. मला वाटलं आता हो म्हणतील, तर विचारतात, "मग शेवटी ती दार उघडते का?" मी म्हटलं उघडते, पण ह्या गाण्यात नाही, सिनेमाच्या शेवटी. त्यावर म्हणाले, "म्हणजे दार लावून गाणं संपवणार आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या?" तर आता अट अशी की इंग्रजी आधी आणि ताटीचा अभंग नंतर, रापणकार म्हणतात तसं उलट नाही, आणि अभंगाला टाळ ते स्वतः धरणार. भाची म्हणते दोन्ही एकाच दमात गायला घसा उरेल का. वहिनीचं म्हणणं तू आधी माडीवरून खाली तरी ये जेवायला.

दादा फक्त एवढंच बोलला की व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकू. चालेल ना? कोणी काही बोलणार नाही ना?

साऊंड_सर्व्हिस_कणकवली

स्टेजवर गायला काही अडचण नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाने बिनतिकिटाच्या प्रेक्षकांसमोर केलेल्या कार्यक्रमाला सूट आहे. यूट्यूबचं वेगळं, तिथे कराओके ट्रॅक वाजला की त्या कंपनीचा क्लेम येऊ शकतो, आणि नुसत्या पेटीवर गायलं तरी गाणं त्यांचंच आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि मोकळे व्हा.

आता माझ्या धंद्यातलं. पूजेला येणारा साऊंडवाला इको फुल ठेवतो कारण भजनाला आणि निवेदनाला तो लोकांना आवडतो. ह्या गाण्याच्या सुरुवातीला इको असेल तर प्रत्येक शब्दावर पुढचा शब्द चढणार, तेव्हा त्याला आधीच सांगून ठेवा, पहिल्या कडव्याला इको पूर्ण बंद, ध्रुवपदाला थोडा. गाण्याच्या वेळी नाही सांगायचं, दुपारी मंडप बांधताना चहा देऊन सांगायचं, तेव्हा ऐकतो. पेटीला वेगळा माईक मागा, एकच माईक मध्ये ठेवला तर पेटीचा भाता जास्त ऐकू येतो. भाचीने माईक लांब नेताना स्पीकरच्या तोंडासमोर धरला तर शिट्टी मारणार, म्हणून स्पीकर तिच्या मागे नकोत, पुढे पाहिजेत. ट्रॅक लावणार असाल तर ब्लूटूथ नको, वायर लावा आणि फोन एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन चढावर मुंबईच्या मावशीचा फोन येतो आणि अख्ख्या वाडीला रिंगटोन ऐकू जाते. जनरेटर सांगितलाय का? नसेल तर आजच सांगा, मे मध्ये शेवटच्या आठवड्यात मिळत नाही.