मदत हवी आहे: गोष्टीच्या जुन्या पुस्तकांवरचा चिकटपट्टीचा डिंक

लहानपणच्या गोष्टींची काही पातळ, पिना मारलेली पुस्तकं दुरुस्त करतोय. कागद वर्तमानपत्री, पिवळा पडलेला. दुमडला की तुटतो. गंजलेल्या पिना बोथट सुरीने पाय उघडून काढल्या (ओढल्या की कागद फाटतो) आणि त्याच भोकांतून सुती दोऱ्याने शिवलं. तो भाग जमला.

अडलंय ते चिकटपट्टीपाशी. प्लॅस्टिक आपोआप सुटलं, पण तपकिरी डिंक कागदाच्या धाग्यांत मुरलाय आणि अजून चिकट आहे, त्यामुळे समोरासमोरची पानं धरून बसतात. क्रेप रबराने (डिंक उचलून घेणारा खोडरबरासारखा ठोकळा) मुखपृष्ठ बऱ्यापैकी साफ झालं. आतल्या पानांवर मात्र डिंकाबरोबर कागदाचा पापुद्राही निघतो. हेअर ड्रायरच्या मंद उष्णतेने पट्टी सुटते, मुरलेला डिंक नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीने कोपऱ्यात लावून पाहिलं, तर चित्रातली लाल शाई पसरली. म्हणून रंगीत पानांवर द्रावक नकोच.

लॅमिनेशन करायचं नाही. समासातल्या पेन्सिलीच्या रेघोट्या, वेडीवाकडी नावं तशीच राहायला हवीत. वाचकाच्या त्या खुणाच तर मोलाच्या. पुस्तकं कपाटात ठेवायची नाहीत, मुलांच्या हातात द्यायची आहेत.

डाग राहिला तरी चालेल, चिकटपणा जायला हवा. त्यावर गव्हाच्या स्टार्चच्या खळीने पातळ जपानी टिश्यू (दुरुस्तीसाठीचा चिवट, जवळजवळ पारदर्शक कागद) लावला तर डिंक कालांतराने वर झिरपेल का? की आधी सेल्युलोज पावडर (वनस्पतींच्या तंतूंची बारीक भुकटी) चोळून तो कोरडा करावा? आणि टिश्यू चित्राच्या बाजूने लावावा की मजकुराच्या?