शब्दचर्चा : ‘माजी मतदारसंघ’ म्हणावे का? (स्वित्झर्लंड, १८४८ ते १९१९)

मृण्मयी
स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय परिषदेच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, जुन्या मतदारसंघांवर मराठीत नोंदी करायच्या आहेत. सुरुवात बर्न-मिटेललँडपासून. मूळ जर्मन शब्द ‘वालक्राइस’. शीर्षकाखाली ‘माजी मतदारसंघ’ लिहावे का? आणि एकाच मतदारसंघातून अनेक सदस्य निवडून जात, तर नुसते ‘मतदारसंघ’ पुरेसे आहे का?

हर्षद
‘माजी’ नको. माजी आमदार, माजी सरपंच, माजी विद्यार्थी असे आपण माणसाला त्याच्या पदावरून किंवा नात्यावरून म्हणतो. जागेला, संस्थेला, हद्दीला आपण ‘पूर्वीचा’, ‘जुना’ किंवा ‘तत्कालीन’ म्हणतो. इथे मात्र ‘पूर्वीचा’सुद्धा अपुरा वाटतो. आपल्याकडे पुनर्रचनेत मतदारसंघाचे नाव जाते, हद्द बदलते, पण त्याच प्रकारचा दुसरा मतदारसंघ त्या जागी येतो. तिथे १९१९ साली तो प्रकारच संपला. म्हणून ‘रद्द झालेला मतदारसंघ’ लिहा आणि पुढे कालावधी द्या.

अनंत जोगळे
हर्षद यांच्याशी सहमत. तो प्रकार कसा संपला हे नोंदीत आले नाही, तर वाचकाला ‘रद्द’चा अर्थ लागणार नाही, म्हणून थोडे सविस्तर.

१८४८च्या संविधानाने ठरवले की राष्ट्रीय परिषदेची निवडणूक प्रत्यक्ष मतदानाने, ‘संघीय मतदारसंघां’तून होईल आणि एकाही मतदारसंघात दोन कँटनांचे (म्हणजे तिथल्या घटकराज्यांचे) तुकडे जोडता येणार नाहीत. १८४८ची पहिली निवडणूक कँटनांनी आपापल्या सोयीने घेतली. त्या वेळी जागा १११ होत्या. डिसेंबर १८५०च्या संघीय कायद्याने हद्दी केंद्राच्या हातात आल्या, आणि १८५१ची निवडणूक ४९ मतदारसंघांतून, १२० जागांसाठी झाली. जनगणनेनंतर वेळोवेळी फेररचना होत राहिली. जागा १८८१ला १४५, १८९०ला १४७, १९०२ला १६७ आणि १९११ला १८९ झाल्या.

१३ ऑक्टोबर १९१८च्या सार्वमतात सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या, म्हणजे पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा देण्याच्या, बाजूने कौल दिला. त्यानंतर कँटनच्या आतल्या सगळ्या हद्दी पुसल्या गेल्या आणि अख्खा कँटन हाच एक मतदारसंघ झाला. २६ ऑक्टोबर १९१९च्या निवडणुकीत बर्न कँटनमधून ३२ आणि झुरिकमधून २५ सदस्य एकेका मतदारसंघातून निवडले गेले. आजही कँटन हाच मतदारसंघ आहे.

म्हणून ‘संघीय’ हे विशेषण गाळू नका. ‘राष्ट्रीय मतदारसंघ’ लिहिले तर सारा देश एकच मतदारसंघ होता असे वाटेल. कँटनच्या विधिमंडळाचे मतदारसंघ वेगळे असत, त्यांच्यापासूनही हा शब्द फरक दाखवतो.

मृण्मयी
जागा कशा ठरत? ‘दर २०,००० मतदारांमागे एक’ असे लिहिले तर चालेल?

अनंत जोगळे
नाही, तिथेच अर्थ बिघडतो. हिशेब मतदारांचा नव्हता, लोकसंख्येचा होता. संविधानाच्या भाषेत दर २०,००० ‘जीवां’मागे एक जागा, उरलेला भाग १०,०००च्या वर गेला तर आणखी एक, आणि कँटन किंवा अर्धकँटन (दुभागलेल्या कँटनचा एक भाग) कितीही लहान असला तरी किमान एक. १९१०च्या जनगणनेत बर्नची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४६ हजार होती. २०,०००ने भागले की ३२ येतात आणि उरतात सुमारे ६ हजार, म्हणून जागा ३२. जिनिव्हाची सुमारे १ लाख ५५ हजार. भागाकार ७, बाकी सुमारे १५ हजार, म्हणून जागा ८. आकडा तपासायचा असेल तर आधी बाकी पाहा. बहुतेक चुका तिथेच होतात.

मोजणीत बायका, मुले आणि परदेशी रहिवासी सगळे धरले जात. मत मात्र २० वर्षांवरील स्विस पुरुषांनाच होते. स्त्रियांना संघीय पातळीवर मताधिकार १९७१ साली मिळाला. म्हणून या काळाबद्दल ‘प्रौढ मताधिकार’ लिहू नका. ‘पुरुष मताधिकार’ हाच नेमका शब्द. जागांसाठी फक्त स्विस नागरिक मोजावेत असा प्रस्ताव १९०३ला सार्वमताला आला आणि फेटाळला गेला. त्यामुळे ‘राहती लोकसंख्या’ हा शब्द तिथे किती महत्त्वाचा होता ते कळते.

सुनेत्रा
‘बहुसदस्यीय मतदारसंघ’ लिहा. शब्द आपल्या कानाला नवा नाही. महानगरपालिकांमुळे ‘बहुसदस्यीय प्रभाग’ रोजच्या बातम्यांत असतो, आणि १९५२ व १९५७च्या निवडणुकांत आपल्याकडे द्विसदस्यीय मतदारसंघ होतेच. पण ‘प्रभाग’ हा शब्द इथे उसना घेऊ नका. तो महापालिकेचा, शहराच्या आतला आहे. शिवाय आपल्या प्रभागात प्रत्येक जागेची लढत वेगळी असते. अ, ब, क, ड जागांचे उमेदवार वेगवेगळे. तिथे तशी विभागणी नव्हती. जितक्या जागा तितकी नावे मतदार एकाच मतपत्रिकेवर लिहीत असे.

हर्षद
मग निकालाचे शब्दही जपून वापरायला हवेत. पहिल्या फेरीत निवडून यायला निरपेक्ष बहुमत लागे, म्हणजे वैध मतपत्रिकांच्या निम्म्याहून अधिक. पडलेल्या एकूण मतांच्या निम्मे नव्हे. समजा जागा ४ आणि वैध मतपत्रिका ९,०००, तर ४,५०१ मतांची मर्यादा. एका मतपत्रिकेवर चार नावे असल्याने ही मर्यादा चारांपेक्षा जास्त उमेदवारही ओलांडू शकतात. तेव्हा सर्वाधिक मतांचे पहिले चार निवडून येतात आणि पाचवा बहुमत मिळूनही बाहेर राहतो. त्याला ‘पराभूत’ म्हणणे अन्यायाचे आहे. जर्मन संज्ञेचा अर्थ ‘संख्येबाहेरचा’ असा आहे आणि मराठीत ‘अतिरिक्त ठरलेला’ नीट बसते.

जागा उरल्या तर पुन्हा मतदान होई आणि शेवटच्या फेरीत साधे मताधिक्य पुरे. याला ‘फेरमतदान’ म्हणू नका. आपल्याकडे गैरप्रकार झाला की केंद्रावर फेरमतदान होते. नुसते ‘दुसऱ्या फेरीत’ म्हटले तर मतमोजणीची फेरी डोळ्यांसमोर येते. ‘मतदानाची दुसरी फेरी’ असे पूर्ण लिहा.

त्सुरिखकर
नावांबद्दल दोन सूचना, कारण यात हमखास गल्लत होते.

एक, ही नावे ओळखीसाठी आहेत. कायद्यात मतदारसंघांना क्रमांक होते आणि ते कँटनांच्या ठरलेल्या क्रमाने अख्ख्या देशात सलग धावत. सुरुवात झुरिकपासून, शेवट जिनिव्हाला. मध्ये कुठे एक मतदारसंघ फुटला की पुढचे सगळे क्रमांक सरकत. म्हणून जिनिव्हा १८५१ला ४९वा होता, १८९०ला ५२वा आणि १९०२ला पुन्हा ४९वा. त्याची हद्द मात्र तीच होती. नोंदीत क्रमांक द्यायचा तर वर्षासह द्या.

दोन, बर्न-मिटेललँड नावाचा प्रशासकीय विभाग २०१०पासून बर्न कँटनमध्ये आहे. त्याचा नकाशा जुन्या मतदारसंघाच्या नोंदीला जोडू नका. झेलँड आणि एमेनटाल या नावांचेही तसेच. सर्वांत धोक्याचे नाव जुरा. १९१९पूर्वीचे जुरा नावाचे मतदारसंघ बर्न कँटनमधले. जुरा हा स्वतंत्र कँटन १ जानेवारी १९७९ला झाला आणि तो स्वतःच एक मतदारसंघ आहे. नावांचे भाषांतरही करू नये. ‘बर्न-मध्यभूमी’ लिहिले तर शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही.

फ्रेंच भागातल्या कागदपत्रांत याच अर्थी ‘आराँदिसमाँ’ भेटेल, इटालियनमध्ये ‘चिर्कोंदारिओ’. मराठीत तिन्हींना एकच शब्द ठेवा.

मृण्मयी
‘वालक्राइस-गेओमेत्री’ला काय म्हणावे? शब्दशः ‘मतदारसंघ-भूमिती’ होते.

सुनेत्रा
भूमिती म्हटल्याने हेतू दिसत नाही. सत्ताधाऱ्यांना सोयीच्या हद्दी आखणे हा त्याचा गाभा. आपल्या बातमीदारीत ‘मतदारसंघांची मोडतोड’ म्हणतात, तेच घ्या. तिचिनोचे उदाहरण देता येईल. १८८९च्या कँटन निवडणुकीत सत्ताधारी पुराणमतवादी आणि विरोधी उदारमतवादी यांच्या मतांत थोडाच फरक होता, पण जागा ७७ विरुद्ध ३५ झाल्या. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १८९०मध्ये, उदारमतवाद्यांनी सशस्त्र उठाव केला आणि मग तिचिनो प्रमाणशीर पद्धत स्वीकारणारा पहिला कँटन ठरला.

अनंत जोगळे
संघीय पातळीवर तोच बदल व्हायला तीन सार्वमते लागली. १९००ला प्रस्ताव पडला. १९१०ला कँटनांचे बहुमत मिळाले, पण मतदारांचे थोडक्यात हुकले. १९१८ला दोन्ही मिळाले. परिणाम एका आकड्यात दिसतो : उदारमतवादी पक्षाच्या १८९पैकी १०३ जागा होत्या, त्या १९१९ला ६० उरल्या.

अजून एक शब्द नोंदीत लागेलच : ‘कोम्प्लिमेंट्सवाल’. संघीय परिषदेचे विद्यमान सदस्य, म्हणजे तिथले मंत्री, संसदेकडून फेरनिवड होण्याआधी आपल्या भागातून राष्ट्रीय परिषदेची निवडणूक लढवत. हेतू एवढाच, की घरच्या मतदारांचा विश्वास सिद्ध व्हावा. मंत्रिपदी फेरनिवड झाली की ती जागा रिकामी होई आणि पोटनिवडणूक लागे. १८५४ला तिचिनोच्या स्तेफानो फ्रान्सिनींना घरच्या कँटनने नाकारले आणि दूरच्या, जर्मनभाषक शाफहाउझनने निवडून दिले. त्यांचे मंत्रिपद टिकले.

हर्षद
याला ‘प्रतिष्ठेची निवडणूक’ म्हणू नये, आपल्याकडे तो अटीतटीच्या लढतीचा शब्द आहे. ‘मानाची निवड’ कसे वाटते?

सुनेत्रा
‘मानाची’ने नुसता सन्मान दिसतो, आणि इथे तर मंत्री पडूही शकत होता. ‘विश्वासदर्शक निवड’ लिहा. विश्वासदर्शक ठराव सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

मृण्मयी
‘विश्वासदर्शक निवड’ घेते, पहिल्या उल्लेखाला जर्मन शब्द देवनागरीत जोडून. बर्न-मिटेललँडच्या नोंदीची पहिली ओळ अशी : ‘स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय परिषदेचा, बर्न कँटनमधील रद्द झालेला बहुसदस्यीय संघीय मतदारसंघ, प्रमाणशीर पद्धत लागू झाल्याने १९१९ साली संपुष्टात.’

त्सुरिखकर
ठीक आहे. फक्त उरी किंवा ओबवाल्डेनची नोंद करताना हीच ओळ चिकटवू नका. तिथे कँटन आधीपासूनच एक मतदारसंघ आणि जागा एकच, त्यामुळे १९१९ला काहीही रद्द झाले नाही. एका जागेसाठी प्रमाण कसले काढणार? तिथे आजही ज्याला जास्त मते तो निवडून येतो.