मदत हवी आहे: शोपँच्या प्रिल्यूडमधला डावा हात

नमस्कार मंडळी. मी लातूरला पियानो शिकवते. मधल्या ग्रेडच्या काही मुलांना संगीतकार शोपँचा ई मायनर प्रिल्यूड (पियानोसाठीची छोटी रचना; ओपस 28, क्रमांक 4) दिलाय. वाचायला सोपा म्हणून निवडला, पण घोडं अडलंय डाव्या हातापाशी.

बहुतेक मुलं हार्मोनियमवरून आलेली. तिथे डावा हात भाता मारतो, बोटांना कामच नाही. इथे त्याच हाताने तीन-तीन सुरांचे कॉर्ड सलग, एकसारखे आणि दबक्या आवाजात वाजवायचे. वर त्यातला एकेक सूर अर्ध्या स्वराने खाली सरकतो, तोही ऐकू यायला हवा. प्रत्यक्षात कॉर्ड धाडधाड आपटतात आणि उजव्या हाताची चाल त्याखाली गाडली जाते. सुरुवातीचं 'बी-सी-बी' गायला सांगितलं तर काय सुरेख गातात, मींडसुद्धा घेतात! पियानोवर बसली की सगळं सपाट.

पेडलचंही (सूर लांबवायला पायाने दाबतात ते) विचारायचंय. कॉर्डमधला एकच सूर बदलला तरी दरवेळी पेडल बदलायला लावता का? घरी बहुतेकांकडे हलक्या पट्ट्यांचे कीबोर्ड, तेही पेडलशिवाय, त्यामुळे पायाचा सराव फक्त क्लासमध्येच होतो. (लाइट गेली की तोही बंद!)

मधे 'स्ट्रेट्टो' (म्हणजे गती वाढवत न्या) लिहिलंय तिथे तर पोरं सुसाट सुटतात. मेट्रोनोम (टकटक करून लय दाखवणारं यंत्र) लावला की भाव जातो, काढला की लय.

याच्या आधी डाव्या हातासाठी एखादा सोपा तुकडा देता का? कोणता? अनुभवी शिक्षकांनी जरूर सांगा.