चित्रलिपी म्हणजे नुसती चित्रं नव्हेत

कुणी म्हणतं की प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत एक चित्र म्हणजे एक शब्द. सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं, पण प्रकार त्याहून कितीतरी सुंदर आहे.

घराच्या आराखड्याचं चिन्ह घ्या. त्याखाली एक उभी रेघ असली की अर्थ 'घर', उच्चार प-र. पण त्याच चिन्हाला तोंडाचं चिन्ह ('र') आणि चालणारे दोन पाय जोडले की शब्द होतो 'बाहेर जाणे'. इथे त्या चिन्हाचा घराशी काही संबंध नाही, त्याचा फक्त आवाज उसना घेतलाय. तोंडाचा 'र' वाचकाला उच्चाराची खात्री देतो. पाय तर उच्चारायचेच नाहीत. शब्द हालचालीचा आहे, एवढंच ते सांगतात. स्वर लिहीतच नसत, त्यामुळे सारख्या व्यंजनांचे शब्द वेगळे ओळखायला या मूक चिन्हांचा फार आधार होता.

'फॅरो' हा शब्दही याच घरातून आलाय: 'पर-आ', म्हणजे मोठं घर. आधी राजवाडा, मग त्यात राहणारा राजा.

मग स्वर कळतात कुठून? बरेचसे कॉप्टिकमधून. ती इजिप्शियन भाषेचीच शेवटची अवस्था, पण मुख्यतः ग्रीक अक्षरांत लिहिलेली, म्हणून स्वरांसकट. ही लिपी उलगडणाऱ्या शाँपोलियों या फ्रेंच विद्वानाला ती उत्तम येत होती. 1822 मध्ये त्याला लिपीची किल्ली सापडली, त्यात रोझेटा शिलालेखाइतकंच (एकच मजकूर चित्रलिपीत आणि ग्रीकमध्येही कोरलेला दगड) श्रेय मी या भाषेला देईन.

आणि हो, वाचायची दिशा: पशुपक्ष्यांची तोंडं जिकडे, तिकडून सुरुवात.