सुमोची ‘हेया’ म्हणजे तालीम म्हटलं तर काय चुकलं?

पाटीपेन्सिल
सुमो नव्याने बघायला लागलेल्यांसाठीचा एक लेख इंग्रजीतून मराठीत आणते आहे. सुमो पैलवान जिथे एकत्र राहतात, जेवतात, सराव करतात त्या जागेला इंग्रजीत घोड्यांच्या पागेचा शब्द रुळलाय. जपानी शब्द ‘हेया’, म्हणजे साधी खोली. मी ‘तालीम’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘प्रशिक्षण केंद्र’ केलं. म्हणाले, तालीम नाटकाची असते, वाचक गोंधळतील. माझं बालपण कोल्हापुरात गेलं, ‘तालमीतला पोरगा’ हे शब्द रोज कानावर पडायचे. प्रशिक्षण केंद्र वाचून डोळ्यांपुढे संगणकाचा क्लास येतो. तुम्ही काय लिहाल?

तांबडी_माती
ताई, तालीमच लिहा. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमी आहेत, ती काय नाटकं बसवायची ठिकाणं आहेत? हेयाबद्दल जेवढं वाचलंय ते सगळं ओळखीचं वाटतं. पोरं पहाटे उपाशीपोटी उठून सराव करतात, मग खालच्या क्रमांकाची पोरं स्वयंपाकाला लागतात. ‘चांको नाबे’ म्हणजे मोठ्या पातेल्यात मासे, मांस, टोफू, भाज्या असं सगळं एकत्र शिजवलेलं. त्यांचा तो खुराकच. थोरले आधी जेवतात, धाकटे मागून. प्रमुखाला ‘ओयाकाता’ म्हणतात, तो आपला वस्ताद.
मातीचंही बघा. आपल्या हौद्यात तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद घालतात. तिथे दर स्पर्धेआधी ‘दोह्यो’, म्हणजे लढतीचा मातीचा ओटा, नव्याने बांधतात आणि त्याच्या पोटात मीठ, तांदूळ, सुकवलेलं माकूळ, समुद्रशैवाल, चेस्टनट पुरतात. मातीला आधी काहीतरी द्यायचं, मग तिच्यावर उभं राहायचं.

निशिकासाईकर
तोक्योत राहतो आणि र्योगोकूच्या कोकुगिकानमध्ये, म्हणजे तिथल्या सुमोच्या सभागृहात, जमेल तेव्हा जातो, म्हणून थोडं लिहितो. साम्य खरं आहे, पण एक मोठा फरक ‘तालीम’ शब्दात झाकला जातो. आपला पैलवान आज या तालमीत, उद्या दुसऱ्या. सुमोत एकदा ज्या हेयात पाय ठेवला तीच निवृत्तीपर्यंत. आपल्या मर्जीने बदलता येत नाही. एका हेयातले दोघे स्पर्धेत एकमेकांशी लढत नाहीत, अपवाद फक्त विजेतेपदाची बरोबरी फोडायच्या लढतीचा. परदेशी पैलवान एका हेयात एकच घेता येतो. वस्ताद व्हायचं तर जपानी नागरिकत्व हवं आणि ठरलेल्या १०५ ज्येष्ठ-नावांपैकी (निवृत्त पैलवानांत पुढे चालत येणारी नावं) एक नाव मिळवावं लागतं. नवशिक्याला हे कळलं नाही तर अमुक दोघे कधीच समोरासमोर का येत नाहीत हेही कळत नाही.
म्हणून मला ‘घराणं’ सुचतं. नावंही त्याच वळणाची असतात. इसेगाहामा हेयात तेरुनोफुजी, ताकेरुफुजी असे ‘फुजी’वाले, सादोगाताकेमध्ये ‘कोतो’ने सुरू होणारे.

अडकित्ता
घराणं नको. हेयांचे वर पाच मोठे गट आहेत, ‘इचिमोन’: देवानोउमी, निशोनोसेकी, ताकासागो, तोकित्सुकाझे, इसेगाहामा. घराणं हा शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवा, नाहीतर पुढच्या परिच्छेदात अडकाल.
आता ‘बाशो’. सुमोच्या स्पर्धेला हा शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ ‘जागा’. आपण ‘यंदाचं मैदान गाजलं’ म्हणतो तेव्हा जागेबद्दल बोलतो की स्पर्धेबद्दल? म्हणजे बाशोला ‘मैदान’ चपखल बसतो. (हायकूवाल्या बाशोशी याचा संबंध नाही. त्याचं नाव केळीच्या झाडावरून आलंय, लिपीतली अक्षरंही वेगळी.)

भाषाप्रेमी
आपल्याकडे ‘मल्लशाळा’ असताना अरबी ‘तालीम’ कशाला? अर्थ स्वयंस्पष्ट आहे, नाटकाचा गोंधळही नाही.

तांबडी_माती
दादा, तालीम अरबी, वस्ताद फारसी, पैलवान फारसी. हे काढून टाकलं तर खासबाग मैदानात बोलायचं काय? मल्लशाळा कुठल्या गल्लीच्या पाटीवर बघितलीय का?

अडकित्ता
संस्कृतच हवं असेल तर ‘आखाडा’ आहे की, ‘अक्षवाट’पासून आलेला. पण आखाड्यात हल्ली साधू आणि निवडणुका आधी दिसतात.

गाडीवान
तुमच्या चर्चेत एक भर. लहानपणी आमच्याकडे टाटा सुमो होती आणि मी सगळ्यांना सांगायचो की पैलवानासारखी दणकट म्हणून ते नाव. पुढे वडिलांनी सांगितलं की ते सुमंत मूळगावकरांच्या नावातलं ‘सु’ आणि ‘मो’ आहे. जपानी ‘सुमो’चा अर्थ काय?

अडकित्ता
जुन्या जपानीतल्या ‘झुंजणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून. एका पुस्तकात तो संस्कृतातून गेला असं वाचलं होतं, त्याला काडीचा आधार नाही.

सरळवाट
मी अगदी नवा आहे. बघायचं कधी आणि कळायचं कसं, हे आधी कुणी सांगेल का?

निशिकासाईकर
विषम महिने लक्षात ठेवा. जानेवारी, मे, सप्टेंबर तोक्यो, मार्च ओसाका, जुलै नागोया, नोव्हेंबर फुकुओका. प्रत्येक मैदान १५ दिवसांचं. सर्वांत वरच्या ‘माकुउची’ श्रेणीत ४२ जण, रोज प्रत्येकाची एक लढत. भारतात ती दुपारी साधारण साडेबारा ते अडीचच्या सुमारास येते. ते जमलं नाही तर एनएचके वर्ल्ड या जपानी वाहिनीवर निवडक लढती इंग्रजी समालोचनासह मिळतात.
सुरुवातीला विजेतेपद सोडा, आठव्या विजयावर डोळा ठेवा. १५पैकी ८ जिंकले की ‘काचिकोशी’, क्रमवारीत पाऊल साधारणपणे वर. ८ हरले की खाली. त्यामुळे ७-७वर शेवटच्या दिवशी उतरलेल्या मधल्या फळीतल्या माणसाची लढत जीव टांगणीला लावते. ओझेकी (वरून दुसरं पद) लागोपाठ दोनदा कमी पडला की पद जातं. योकोझुनाला (सर्वोच्च पद) मात्र पदावनती नाहीच. जमेनासं झालं की निवृत्ती.
आणि एक माणूस निवडा, त्याच्यामागे लागा. मी तेरुनोफुजीमागे लागलो. ओझेकी होता, गुडघे आणि आजारपण यांनी खालून दुसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला. तिथून परत चढून २०२० मध्ये विजेता आणि २०२१ मध्ये योकोझुना.

पाटीपेन्सिल
काचिकोशीला मी ‘सरशी’ लिहिलंय. ‘बाराव्या दिवशी त्याची सरशी पक्की झाली.’ चालेल ना?

भाषाप्रेमी
उत्तम शब्द आहे. माझी हरकत नाही.

तांबडी_माती
सरशी झकास. माझी हरकत दुसऱ्या शब्दाला आहे. मागे एका वृत्तपत्रात सुमोच्या निकालाला ‘चितपट’ छापलं होतं. चितपट म्हणजे पाठ मातीला. सुमोत तळपाय सोडून अंगाचं काहीही टेकलं किंवा पाय दोह्योवरच्या गोल कड्याबाहेर गेला की संपलं. सर्वांत जास्त दिसणाऱ्या ‘योरिकिरी’त तर पट्टा धरून समोरच्याला रेटत बाहेर नेतात, हरलेला बऱ्याचदा उभाच असतो. उभ्या माणसाला चितपट कसं म्हणता?

भाषाप्रेमी
क्रिकेटमध्येही ‘चितपट केलं’ छापतात. तालीम वापरात आहे म्हणून चालते, मग हा वापर का चालू नये?

तांबडी_माती
क्रिकेटमध्ये मैदानावर कुणी कुणाची पाठ टेकवत नाही, वाचकाला अलंकार कळतो. इथे दोन उघडे पैलवान मातीवर झुंजताहेत, तिथे अलंकार आणि वस्तुस्थिती एकत्र होतात. ८२ अधिकृत निकाली डाव आहेत, प्रत्येकाला नाव आहे. त्याचं ‘चितपट’ करून टाकणं म्हणजे पैलवानाच्या कष्टावर पाणी. ‘रेटून बाहेर काढलं’ लिहा ना.

निशिकासाईकर
याला दुजोरा. कड्याबाहेर बारीक वाळूचा पट्टा झाडून ठेवतात, त्याला ‘जानोमे’ म्हणतात, सापाचा डोळा. टाचेने निसटता स्पर्श केला तरी त्यात खूण उमटते. पंचाचा निकाल पटला नाही की काळ्या किमोनोतले पाच परीक्षक वर चढून खल करतात, आणि ठरेनाच तर लढत पुन्हा. सगळं त्या एका टाचेवर असतं, ‘चितपट’मध्ये ती टाच कुठेच दिसत नाही.

सरळवाट
आणि सुरुवात कोण करून देतं? मी पाहिलं तर शिट्टी नाही, घंटा नाही.

निशिकासाईकर
कुणीच नाही. मीठ उधळणं, ओणवं बसून डोळे भिडवणं, परत जाणं असं चालतं, वरच्या श्रेणीत ४ मिनिटांपर्यंत. मग दोघांचे हात जमिनीला लागले की त्याच श्वासाला उसळी. ‘ताचिआइ’. अर्धी कुस्ती तिथेच ठरते.

तांबडी_माती
आपली खडाखडी याच्या अगदी उलट, हात चाचपत चाचपत. ताचिआइला ‘धडक’ म्हणा.

अडकित्ता
आणि धडकेच्या क्षणी बाजूला सरकतात ती ‘हेंका’? माझं मत ‘बगल देणे’. अंगाचाही अर्थ निघतो आणि टाळण्याचाही.

भाषाप्रेमी
बगलही फारसीच आहे. ‘हुलकावणी’ म्हणा.

तांबडी_माती
हुलकावणीत माणूस हाती लागत नाही एवढंच. हेंकात समोरचा आपल्याच जोराने तोंडावर पडतो. नियमात बसतं, पण योकोझुनाने केलं तर प्रेक्षक नाराज होतात. ‘बगल’मध्ये ती नाराजी आहे, कारण बगल देणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो, शूर म्हणत नाही.

गाडीवान
आमच्याकडे सोलापूर भागात ‘हूल दिली’ म्हणतात, त्यातही हीच नाराजी असते.

पाटीपेन्सिल
हूल आवडला. पण संपादक उद्या सकाळी पान लावणार आहेत आणि हेयापुढे अजून ‘प्रशिक्षण केंद्र’च आहे. कुणी तालमीच्या बाजूने चार ओळी लिहून देईल का?

अडकित्ता
देतो. त्याआधी गाडीवान, ‘हूल’ सोलापुरात पुल्लिंगी की स्त्रीलिंगी वापरतात?