साउंड ऑफ म्युझिकमधल्या बॅरोनेसचं वाईट वाटणारी मी एकटीच का?

गोदाकाठची: परवा गोदावरीला पूर, नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं, बाहेर पडायची सोय नाही म्हणून आईसोबत घरीच साउंड ऑफ म्युझिक लावला. सात पोरांचा विधुर बाप कॅप्टन, त्याच्याशी लग्न करू पाहणारी श्रीमंत बॅरोनेस, आणि मठातून पोरांची गव्हर्नेस म्हणून आलेली मारिया. शाळेत असताना बघितला तेव्हा बॅरोनेस म्हणजे एक नंबरची कजाग बाई वाटायची, मारिया आली की आम्ही टाळ्या वाजवायचो. आता चाळिशीला टेकल्यावर वाटतंय की बाईने असं केलं तरी काय? व्हिएन्नाचं सगळं सोडून या माणसाच्या घरी आली, बरं हा हिच्यासमोरच मारियासोबत असा नाचतो की मारिया लाल होते, आणि नंतर लग्नाचं मात्र हिलाच विचारतो. हिने मारियाला फक्त सांगितलं की कॅप्टन तुझ्यात गुंतलाय. खोटं होतं का ते?

फरसाण_जास्त: ओ ताई, फक्त सांगितलं?? पोरगी रात्रीत बॅग भरून मठात पळाली आणि ही वर म्हणते तू छान नन होशील. आणि सातही पोरांना बोर्डिंगला धाडायचा प्लॅन विसरलात वाटतं. मला नाही येत दया.

पंचवटी_एक्स्प्रेस: यात दोष सिनेमावाल्यांचा आहे खरं तर. १९५९ च्या ब्रॉडवेच्या मूळ संगीत नाटकात एल्साच्या, म्हणजे या बॅरोनेसच्या, वाट्याला दोन गाणी होती, आणि तिथे तिचं नि कॅप्टनचं फिसकटतं ते नाझींशी जुळवून घ्यायचं की नाही यावरून, ती म्हणते घ्यावं, तो म्हणतो नाही. म्हणजे निदान भांडायला मुद्दा तरी होता. १९६५ च्या सिनेमात गाणीही गेली, मुद्दाही गेला, उरली नुसती मधे आलेली बाई. जिथे सगळे गाण्यातूनच बोलतात तिथे जिला गाणंच नाही तिचं लग्न होणार कसं? आपल्या सौभद्रातही बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला देऊ केलेली, पण कोण हळहळलंय त्याच्यासाठी, सगळे अर्जुनाच्या बाजूने.

गोदाकाठची: हे गाण्याचं भारी सांगितलंत!! म्हणजे कॅप्टन गायला लागल्यावर ती त्यांच्या मित्राला, मॅक्सला म्हणते ना, माउथ ऑर्गन आणायला सांगितलं का नाहीस, ते मी इतकी वर्षं नुसता टोमणा समजत होते.

@फरसाण, बोर्डिंगचं मान्य, आई पण तेच म्हणाली. पण बाल्कनीतला सीन बघा परत. तो अडखळत काहीतरी सांगायला जातो तर ही त्याला बोलूच देत नाही, स्वतःच लग्न मोडते, रडारड नाही की शिव्याशाप नाहीत. बॅरोनेस झालेल्या एलिनॉर पार्करने काय केलंय ते!

फरसाण_जास्त: बरं, बाल्कनीसाठी अर्धा मार्क. बोर्डिंगचा कापणारच.

गोदाकाठची: चालेल 😄 आई आता म्हणतेय याच धर्तीवरचा हिंदी परिचय लाव. त्यात कॅप्टनच्या जागी आजोबा झालेला प्राण आहे, बॅरोनेस यायचा प्रश्नच नाही, आईला निवांत बघता येईल.